बंद दिवसांतली गोष्ट

मेगाबित २१, सोमवार

ओंगाये,

हे पत्र मी आमच्या गोलांगो बोलीत लिहितेय. तुझं पत्र अम्हारिकमध्ये आलं, टाईप केलेलं, खाली सही. ते वाचायला मला दोन दिवस लागले. आता तुलाही थोडा घाम फुटू दे. अडलं तर दुभाष्या गाठ. तुमच्या अर्बा मिंचच्या बाजारात आमच्याकडच्या बायका शेवग्याचा पाला विकायला बसतात, त्या वाचून दाखवतील. नाहीतरी तुझ्या मते ही भाषा नाहीच, 'घरातलं बोलणं' आहे. मग घरातल्या माणसाला कळायला हवी.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस, मी ऐकून घेते आणि ठेवल्यावर माझाच मला राग येतो.

इतक्या वर्षांनी तुला 'आक्का' आठवली. आक्का, तुझ्याशिवाय मला कुणी नाही, असं लिहिलंयस. आई गेली तेव्हा मी निरोप पाठवला होता, तेव्हा तुला भाषा समितीची बैठक होती. आता गावानं तोंड फिरवलं तेव्हा आक्का.

तू या महिन्याच्या सुरुवातीला बायको आणि लेकराला घेऊन आलास, तेव्हा मी घरीच होते. कुंपणाआडून सगळं पाहिलं. तू सभेच्या झाडाखालच्या म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार घातलास आणि एकानंही मान हलवली नाही. दारूच्या घरात शिरलास तर बाईनं प्यायचा भोपळा पालथा घातला. तुझ्या बायकोनं पाणी मागितलं, ते तिला आणि बाळाला दिलं, तुला नाही. हिरुत बिचारी गोंधळली होती. तिला माझा नमस्कार सांग, तिच्याशी माझं भांडण नाही.

का ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. दोन पाऊस कोरडे गेले. शाळेत गोबेझेचा एक नवा मास्तर आलाय. त्यानं तू शाळेसाठी काढलेलं गोष्टींचं पुस्तक उघडून पहिलं पान मोठ्यानं वाचलं: 'कथनकार: ओंगाये काहानो, गव्वाडा. मियाझिया महिना.' दिनोते आजा बाहेर शेळ्या घेऊन चालला होता, तो जागीच थांबला. मियाझियात? पेरण्या झाल्यावर? पेरणीपासून कणसं पिकेपर्यंत गोष्टींचं तोंड बांधलेलं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गोष्ट उघडली की पाऊस बंद होतो. आणि तू तर महिना छापून ठेवलास!

आता तुझं म्हणणं, मी सभेत जाऊन सांगावं की गोष्ट तू सांगितलीच नाहीस, आईनं सांगितली, तू फक्त यंत्र धरून बसला होतास. मेलेल्या माणसाचं काय बिघडणार, असंही लिहिलंयस.

कुणी विचारलं तर मी सांगेन की त्या दिवशी मी रानात होते, मला काही माहीत नाही. तुलाही हेच सांगते.

आपितो


मियाझिया ३

ओंगाये,

या वेळी अम्हारिक नाही, टाईप नाही, हातानं आणि गव्वाडात लिहिलंस. चला, प्रगती आहे.

तू म्हणतोस, पुढच्या छपाईत आईचं नाव घालतो: 'कथनकार: उर्माले, गोलांगो.' समितीशी बोललोय, लेखी देतो. वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला. हेच मी तुझ्याकडे मागितलं होतं, आठवतं? दोन वर्षांपूर्वी, पुस्तक छापायच्या आधी, बाजारात, सगळ्यांसमोर. तू म्हणालास, "अगं, तिच्या नावानं कोण वाचणार? आणि बोली सहा-सात आहेत, गव्वाडा, गोलांगो, हार्सो, गोबेझे, प्रत्येकाचं ऐकत बसलो तर पुस्तक कधी निघायचं? समितीनं एक ठरवलीय." मिरच्यांच्या ढिगामागून ती हार्सोची बाई म्हणाली होती, "एकच ठरवायची होती तर आमची का नाही ठरवली, बाबा? का आमच्या म्हाताऱ्या मुक्या आहेत?" सगळे हसले, तूही हसलास. मी नव्हते हसले.

आबा गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. काकांनी तुला डोंगरापलीकडे गव्वाड्याला नेलं, मुलगा बापाच्या घरचा म्हणून. मला आणि आईला मामानं गोलांगोला आणलं. तुझी जीभ तिकडची झाली, माझी इकडची. त्याचा तुला दोष नाही. पण आई वर्षातून दोनदा डोंगर चढून तुला बघायला जायची, आणि घरी येऊन सांगायची, "तो आता पाण्याला त्यांचाच शब्द म्हणतो गं." तिला तेवढंच लागलं होतं, बाकी काही ती बोलायची नाही.

तुझं पुस्तक शाळेत आलं तेव्हा सुगी झाली होती, दिवस उघडे होते. माझ्या सेबेलेनं ते घरी आणलं आणि आजीला वाचून दाखवलं. तरसाच्या सुनेची गोष्ट. आई शेवग्याच्या पाल्यात उंडे वळत होती. आधी खूश झाली. मग हात थांबले. "पुन्हा वाच," म्हणाली. सेबेलेनं वाचलं. "ही कुणाची गोष्ट आहे?"

"आजी, तुझीच. तरसाची सून."

"नाही बाई. माझी सून विहिरीपाशी असं बोलत नाही. ही दुसऱ्या कुणाची तरी सून आहे." आणि मग विचारलं, "नाव कुणाचं आहे वर?"

सेबेलेनं तुझं नाव वाचलं. मी तिला डोळ्यांनी गप्प करत होते, पण पोरीला कुठलं कळायला. आई उंडे वळायला लागली. त्या सुगीत शेजारची पोरं गोष्ट ऐकायला येऊन बसली तर म्हणाली, "आता शाळेत ऐका, तिथं छापलेली आहे." पुढं मरेपर्यंत तिनं एकही गोष्ट सांगितली नाही.

आणि आता तू तिचं नाव घालणार. किती उदार आहेस! नियम काय आहे ते तुला गव्वाड्यात कुणी शिकवलं नसेल तर मी शिकवते. बंद दिवसांत गोष्ट उघडणारा जिवंत असेल तर भरपूर पाऊस पडेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याच्या लेकराला कुळाचा प्रमुख, पोकोलो, आशीर्वाद देत नाही. मेला असेल तर त्याच्या थडग्यावरचे दगड विखरून टाकतात आणि ते नाव पुढं कुणाला ठेवत नाहीत. म्हणजे पुस्तकात तिचं नाव चढवायचं आणि त्याच नावापायी थडगं उकरायचं. माझ्या आईसाठी तुला एवढंच सुचलं?

तुला भीती जमिनीची आहे, हे मला कळतं. पोकोलोनं डोक्यावर हात ठेवला नाही तर तुझा मुलगा कुळात मोजला जाणार नाही, आणि आबांची दगडी बांधांची सगळी शेतं काकांच्या पोरांकडे जातील. जाऊ देत. आबांनी ते बांध रचताना दगड डोक्यावरून कुणी वाहिले ते काकांच्या पोरांनाही माहीत नाही आणि तुलाही नाही. आईनं वाहिले.

तुला नाव हवं होतं ना वर? मिळालं. आता सांभाळ.

आपितो


मियाझिया १६

ओंगाये,

फोटो मिळाला. पाठवायला नको होतास.

त्याचं कपाळ आईचं आहे. कानही. मी तो फोटो पिठाच्या मडक्यामागे ठेवला होता, तर सेबेलेनं काढून भिंतीला लावला. आता येता-जाता दिसतो. तुला हेच हवं होतं, होय ना? लहानपणी मार चुकवायला तू आईचे पाय धरायचास, तीच रीत.

काल दिनोते आजा आला. कॉफीच्या पानांचा काढा केला, मिरची जरा जास्तच घातली, तरी प्याला. बराच वेळ शेळ्यांचं बोलला. मग म्हणाला, "पोरी, ती गोष्ट मी उर्मालेच्या तोंडून ऐकलीय. चांगली वीसदा ऐकलीय."

मी म्हटलं, "सगळेच सांगतात ती, आजा."

"सगळे नाही सांगत. विहिरीचा भाग फक्त ती सांगायची. पण मास्तरानं जे वाचलं त्यातले शब्द तिचे नाहीत, म्हणून मी गोंधळलोय. म्हातारपणी असं होतं म्हणतात." आणि माझ्याकडे बघत राहिला. "गिनबोतच्या दहाला सभा बसेल. तुला विचारणार. मातीवर हात ठेवून सांगावं लागेल. आजच विचार करून ठेव, तिथं येऊन रडारड नको."

तो गेल्यावर मी विचार केला. तुला खरं लिहिते, कारण तू तिथं होतास आणि तुझ्यापाशी लपवून काही मिळत नाही. मी रानात नव्हते. मी आईच्या शेजारी बसले होते आणि हुंकार मीच देत होते. हुंकाराशिवाय आमच्याकडे गोष्ट पुढं सरकत नाही, तशी ती यंत्रासमोरही सरकत नव्हती. तिनं दोनदा सुरू केली आणि दोनदा थांबली. "नको रे बाबा, कणसं धरायची आहेत अजून," म्हणाली.

तू म्हणालास, "आई, यंत्र म्हणजे काय माणूस आहे? डब्यात सांगितलं तर ते सांगणं होत नाही. सुगीपर्यंत डबा बंदच राहील."

ती माझ्याकडे बघून हसली. तिला पटलं नव्हतं. मग मी म्हटलं, "सांग ना आई. हा पुन्हा कधी येणार आहे?"

म्हणून तिनं सांगितली. तू तिच्याजवळ सलग तीन दिवस बसलेला तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. तुझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता. त्या तीन दिवसांसाठी तिनं पाऊसही पणाला लावला असता, आणि लावलाच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

तर ऐक. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "विखरा माझे दगड, पोराशी बोला." तिला मी ओळखते. मलाही गप्प बसवतील, हुंकार देणाराही निम्मा गुन्हेगार असतो. एक पाऊस मी गप्प काढेन. कामाला कुणी बोलावणार नाही, माझ्या निंदणीला कुणी येणार नाही, पण निभेल.

माझी एकच अट आहे. सभेच्या आधी ये आणि ती टेप आण. बंद दिवस आहेत, तेव्हा गोष्ट नको लावू. गोष्टीच्या आधी ती खोकली होती, आणि तुला म्हणाली होती, "नीट बस, पाय आखडतील." तेवढंच लाव. तेवढं ऐकलं की मी सभेत जाईन आणि जे झालं ते सांगेन. मातीवर हात ठेवून.

माफी मागायची गरज नाही. टेप आण.

आपितो


गिनबोत २

ओंगाये,

ट्रकवाल्यानं पाकीट दिलं तेव्हा वाटलं आत टेप असेल. दाबून पाहिलं. कागदच निघाला.

'आक्का, ती मी पुस्तक छापायला गेलं तेव्हाच पुसली. कुणी ऐकली असती तर शब्द बदललेले कळले असते. तेव्हा एवढं लक्षात आलं नाही.'

एवढं लक्षात आलं नाही!

मी तीनदा वाचलं. मग सेबेलेला बाहेर पाठवलं.

तिच्या शब्दांवर तू तुझे शब्द चढवलेस, तिच्या नावावर तुझं नाव, आणि वर ते कुणाला दिसू नये म्हणून तिचा आवाजच मारलास. ती गेल्यापासून मी एका आशेवर होते की कुठंतरी, तुमच्या त्या कपाटात का होईना, आई खोकतेय, तुला नीट बस म्हणतेय. मेल्यावर माणसाचा चेहरा राहतो डोळ्यांसमोर, आवाज राहत नाही. तिचा आवाज मला आता आठवत नाही, ओंगाये. मी रोज आठवायला बसते आणि माझाच आवाज येतो.

फोटो परत पाठवतेय. दहा तारखेला सभेला ये, नक्की ये. मी बोलणार आहे.

आपितो


गिनबोत १४

ओंगाये,

तू सभेत होतास, तरी लिहिते. तू लांब उभा होतास, ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला उभं करतात त्या जागी, तेव्हा तुला सगळं ऐकू आलं नसेल. मला ते तुला नीट ऐकवायचं आहे.

आधी पुस्तक आणलं. गोष्ट वाचायची तर बंद दिवस, न वाचायची तर पुरावा कसला? त्यावर म्हातारे पाऊण दिवस भांडले. शेवटी पोकोलो म्हणाला, "तळापासून वर वाच. एकेक शब्द. म्हणजे गोष्ट व्हायची नाही." मास्तरानं शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि उलटं वाचत सुटला. पोरं फिदीफिदी हसत होती. एक शब्द वाचला की दिनोते आजा डोळे मिटून म्हणायचा, "गव्वाडा." पुढचा शब्द. "हाही गव्वाडा." हार्सोचा म्हातारा म्हणाला, "आमचा नाही." गोबेझेवाला म्हणाला, "आमच्यात याला भलतंच म्हणतात, आमच्या गळ्यात घालू नका." अख्ख्या पानात गोलांगोचा एक शब्द सापडेना. तुझं काम फार चोख आहे. एखादा तरी तिचा शब्द हातून राहून गेला असता, तर म्हाताऱ्यानं तो धरला असता आणि तू सुटला असतास.

तेव्हा तू लांबून ओरडलास, "मी बदलले! शब्द मी बदललेत! ती गोष्ट आईची आहे!" कुणी मान वळवली नाही. तुझ्याशी बोलायचं नाही, तसं तुझं ऐकायचंही नाही. पण दिनोते आजानं ऐकलं. त्यानं मला पुढं बोलावलं.

"आपितो, मातीवर हात ठेव. उर्मालेनं ही गोष्ट पेरणीनंतर सांगितली का?"

मी हात ठेवला. माती तापली होती. म्हटलं, "नाही."

"मग कधी सांगितली?"

तू बघत होतास माझ्याकडे. मान हलवत होतास, ये ना, सांग ना, अशी. लहानपणी झाडावर अडकलास की हलवायचास तशीच.

मी म्हटलं, "आजा, माझ्या आईला गोष्टी येत नव्हत्या. एकही येत नव्हती. मी तिच्या तोंडून कधी गोष्ट ऐकलेली नाही."

तिथं बसलेल्या निम्म्या माणसांनी तिच्या गोष्टी ऐकल्यात, पोरवयात तिच्या अंगणात झोपी गेलीत. पण मातीवर हात ठेवून लेक सांगतेय म्हटल्यावर कोण बोलणार? दिनोते आजानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं. मग तिचे दगड आहेत तसेच राहू द्या." तुझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पोकोलो उठला. तुझ्या बायकोनं बाळ पुढं केलं, तर तो बाजूनं निघून गेला. ते मला बघवलं नाही, पण मी बघितलं. मला बघायचंच होतं.

बरं वाटलं का, असं तू विचारशील. हो, वाटलं. तू गुडघ्यावर बसलास तेव्हा वाटलं. घरी चालत येतानाही वाटत होतं. आता चार दिवस झाले, अजून थोडं वाटतंय. खोटी शपथ घेतली म्हणून माझं जे व्हायचं ते होईल, त्याची काळजी तू करू नकोस. तुझा पाऊस कधी पडेल ते मला माहीत नाही. माझ्या पावसासाठी मी रोज आभाळाकडे बघते आणि तोही यायची चिन्हं नाहीत.

आणखी एक गोष्ट सभेहून येताना लक्षात आली. हामले महिन्यात कणसं पिकतील, जी काय चार पिकतील ती. दिवस उघडतील. सेबेले अंगणात येऊन बसेल आणि म्हणेल, आई, तरसाची सून सांग. मला ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत येते, विहिरीच्या भागासकट, आईच्याच शब्दांत. पण मी सांगू शकत नाही. शेजारी ऐकतील, विचारतील, तुला कुठून आली गं? मी तर मातीवर हात ठेवून सांगितलंय की कधी ऐकलीच नाही.

तेव्हा तुझं पुस्तक मी ठेवून घेतलंय. त्यातून वाचेन, तुझ्या गव्वाडात. हुंकार सेबेले देईल. आणि तिनं विचारलं, ही कुणाची गोष्ट, तर सांगेन, तुझ्या मामाची.

आपितो